रबाळ्याचे काका आणि कंपालाची मशीन

नमस्कार श्रोतेहो. परदेशी गुंतवणूक म्हटलं की बाहेरची कंपनी इकडे येते, असंच आपल्या डोळ्यापुढे येतं. आज उलट्या दिशेने जाऊ. आपली कंपनी, आणि देश आफ्रिकेतला.

मुंबईच्या सिप्लाने 2001 साली एचआयव्हीवरची तीन औषधं मिळून एका रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. श्रीमंत देशांत तोच खर्च 10 हजार डॉलरच्या वर जायचा. पुढे 2005 मध्ये भारतात औषधांवर कडक पेटंट आलं. युगांडासारख्या गरीब देशांना मात्र जागतिक व्यापाराच्या नियमांतून औषधांना पेटंट न देण्याची सूट होती. म्हणून 2007 मध्ये युगांडाची राजधानी कंपालाच्या लुझिरा भागात, तिथल्या भागीदारांसोबत सिप्लाचा कारखाना उभा राहिला. सूट तिथली, तंत्र इथलं. पुन्हा सांगतो, सूट तिथली, तंत्र इथलं.

आता आमच्या ऐरोलीच्या शेजारच्या काकांची गोष्ट. रबाळे एमआयडीसीतले फिटर. कंपालातल्याच एका दुसऱ्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं बांधायची मशीन बसवायला गेले. मशीन बसली, पण दुपार झाली की फॉइल नीट चिकटेना. काकांनी रोलर बदलले, हीटर उघडला, मुंबईला फोन लावले. काही उपयोग नाही. तिथली ऑपरेटर मुलगी जुजबी इंग्रजीत म्हणाली, मशीन नका उघडू, हे बघा. तिने वहीत रोजच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. शेजारचा मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला की काही मिनिटांतच सील सुटायचं. व्होल्टेज पडायचं, हीटर थंड व्हायचा! स्टॅबिलायझर लागला आणि काम मार्गी लागलं. पुढे तिलाच ट्रेनिंगला रबाळ्यात बोलावलं. आता इथल्या पोरांना काका दरडावतात, "आधी मेन लाइन बघ, मग पाना उचल."

आमचे अर्थतज्ज्ञ डॉलरच मोजतात, वह्या कोणी मोजत नाही. आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बंद कारखान्यांच्या जागी टॉवर चढताना पाहिले, की माझा तर जीवच खालीवर होतो. असो.

बाहेरच्या मालकाकडून कारखाना, नोकरी, औषध मिळतंच. पण तिथल्या माणसाच्या हाताला मशीन कळली का, हे आधी विचारावं. हो, मशीन कळली का.

वेळ होत आली. 2023 मध्ये सिप्लाने लुझिरातला आपला 51 टक्क्यांचा हिस्सा आफ्रिका कॅपिटलवर्क्स या गुंतवणूक कंपनीला विकला. कारखाना कंपालातच आहे. नमस्कार.