बाण, बरगडी आणि हँगर

मोर्चा समोरून जात असताना बघणाऱ्याच्या वाट्याला एकेका फलकासाठी काही क्षणच येतात, त्यामुळे विचार अक्षरांच्या आधी चित्राने पोचवावा लागतो. स्त्रीवादी आंदोलनांतील प्रभावी चित्रे पाहिली, तर त्यांतील अनेक मुळात उसनी आहेत, हे ध्यानात येते. स्त्रियांना धाक दाखवण्यासाठी किंवा हिणवण्यासाठी वापरली जाणारी चिन्हेच त्यांनी हाती घेतली आणि त्यांचा रोख फिरवला.

ब्रिटनमध्ये कैद्यांच्या कपड्यांवर बाणाची सरकारी खूण छापलेली असे. मतदानाच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या शेकडो स्त्रिया जून १९१०मध्ये लंडनच्या मिरवणुकीत काठ्यांच्या टोकाला रुपेरी बाण लावून चालल्या. लाजेची खूण मानचिन्हासारखी मिरवल्यावर तुरुंगाचा धाक कितीसा उरणार?

याहून बोचरे उदाहरण अमेरिकेतील अटलांटिक सिटीचे आहे. ७ सप्टेंबर १९६८ रोजी तेथे मिस अमेरिका स्पर्धेच्या विरोधात झालेल्या निदर्शनांतील एका फलकावर पाठमोरी, विवस्त्र स्त्री दिसते. तिच्या अंगावर रेघा ओढून, खाटकाच्या तक्त्यावर जनावराचे भाग दाखवतात तशी बरगडी, पुठ्ठा अशी नावे लिहिली आहेत. परीक्षक स्त्रीकडे कोणत्या नजरेने बघतात, यावर लेख लिहिता आला असता. येथे ती नजरच रेघांच्या रूपाने कागदावर उतरली आहे. मात्र हे चित्र पुन्हा एका स्त्रीचे उघडे शरीरच लोकांसमोर मांडते, आणि तो अवघडलेपणा नाकारण्यात अर्थ नाही.

अमेरिकन कलावंत बार्बरा क्रुगर यांनी १९८९मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चासाठी केलेल्या पोस्टरवर शरीर नाहीच. एका स्त्रीचा चेहरा मधोमध उभा विभागलेला आहे, अर्धा नेहमीच्या छायाचित्रासारखा आणि अर्धा निगेटिव्हसारखा. ‘तुझे शरीर ही रणभूमी आहे’ या अर्थाचे शब्द त्यावर आहेत. ती मात्र थेट आपल्याकडे बघते, त्यामुळे निरखणारा स्वतःच निरखला जातो.

गर्भपाताच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चांत कपड्यांचा तारेचा हँगर दिसतो. कायद्याने वाट बंद केल्यावर स्त्रियांनी अशा तारेने जिवावरचे उपाय केले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याखाली घोषणा लागत नाही.

अर्जेंटिनात तर फलकाची जागा कापडानेच घेतली. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या मातांनी १९७७पासून डोक्याला पांढरा रुमाल बांधला. सुरुवातीला त्यासाठी बाळांचे लंगोट वापरले गेले होते. आईपणाची हीच खूण पुढे २००३मध्ये हिरव्या रंगात, गर्भपाताच्या हक्काच्या मागणीसाठी आली. मातृत्व हा निवडीचा प्रश्न आहे, असे सांगण्यासाठी मातांचाच रुमाल वापरणे, यात धाडसही होते आणि नेमकेपणाही. ३० डिसेंबर २०२० रोजी सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, गर्भपाताला मान्यता देणारा कायदा संमत केला, तेव्हा ब्युनोस आयर्समध्ये संसदेबाहेर हजारो हिरवे रुमाल एकाच वेळी उंचावले गेले.