मामांचं अंगण शेजारच्या घरात

नमस्कार श्रोतेहो. आज विषय अंगणाचा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आपल्याकडे गोव्यात सगळ्यांना एकदम घर दुरुस्त करायचं सुचतं (वर्षभर काय करतात देव जाणे), आणि हल्ली त्यात अंगणात पेव्हर ब्लॉक घालायचं काम हमखास असतं. चिखल नको, पाला नको, गाडी थेट दारात. बरं. पण पावसाचं पाणी जाणार कुठं, ते कोण विचारतच नाही.

आमचे एक मामा आहेत फोंड्याकडे. अंगणात तोरिंगाचं, म्हणजे पपनसाचं, झाड, तुळशीमागं अबोली, कडेला अळू आणि केळी. मुलगा आला दुबईहून, म्हणाला, पप्पा, हे काय जंगल करून ठेवलंय? झालं, बघता बघता सगळं साफ, कुंपणापासून कुंपणापर्यंत ब्लॉक, खाली सिमेंटचा कोबा. मामी मे महिन्यात खूश, फणसाचे पापड काय कडकडीत वाळले म्हणून! पण अनवाणी तुळशीपर्यंत जाता येईना, आणि रात्री जेवून सोप्यावर बसलं तरी अंगणातून गरम वाफ अंगावर यायची. मग लागला मृग. पहिलाच पाऊस धो धो, पाणी निघालं ते सरळ उताराला, आणि उताराला शेजारच्या आजीचं मागचं दार! थोड्या वेळानं आजी मामांच्या दारात, डोक्यावर पावसाची खोळ, हातात मामांची एक चप्पल, वाहत तिच्या चुलीपाशी गेलेली. म्हणते कशी, "अरे, तुजें आंगण म्हज्या रांदचेकुडींत आयलां मरे!" म्हणजे, तुझं अंगण माझ्या स्वयंपाकघरात आलंय की रे!

अजून संपलं नाही. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायची वेळ आली तर तोरिंग कुठाय? मामा गेले बाजारात. दरवर्षी घरी पडून सडायचं ते फळ पैसे मोजून घेतलं, वर ती विकणारी ओळखीची निघाली, तिनं भर गर्दीत विचारलं, "तुमच्या दारात झाड होतं ना ओ?" चवथ झाली आणि मामांनी स्वतः पहार घेऊन अर्धे ब्लॉक उखडले.

आता हिशेब, पटकन. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या अंगणात ३ लाख लिटर. पुन्हा सांगतो, ३ लाख लिटर! सगळं काही मातीत मुरत नाही, पण झाडांची मुळं आणि गांडुळं माती भुसभुशीत ठेवतात, खालचा चिरा, म्हणजे जांभा दगड, छिद्राछिद्रांचा, त्यामुळे बरंच पाणी खाली विहिरीकडे उतरतं. कोब्यावरचं जातं गटारात नाहीतर शेजारी. शिवाय झाडं पानांतून वाफ सोडतात म्हणून भोवती गार, ब्लॉक दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्री परत देतात. जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतो, ब्लॉकवर कोण येणार? आणि जे हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरून त्याला लॉन म्हणतात त्यांच्याशी मी बोलतच नाही.

गाडीसाठी हवंच असेल तर चाकांपुरते दोन पट्टे करा, मधली माती उघडी. खाली कोबा मात्र नको, हे गवंड्याला आधीच बजावून सांगा, नाहीतर तो विचारणार नाही, घालूनच टाकेल. आणि जास्वंदीची फांदी पाऊस आहे तोवरच लावा, शेजाऱ्याकडे मागा, कोण नाही म्हणत नाही. नमस्कार.