हिरवं पाणी आणि अंधाराचा उपाय

श्रोतेहो, नमस्कार.

बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी डोळ्यांसमोर आणा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गेल्या आठवड्यापर्यंत तिच्यातल्या गोल्डफिशचे खवले मोजता येत होते. मग पाण्याला जरा पोपटी झाक आली. चार दिवसांत ते पालक उकडलेल्या पाण्यासारखं झालं, आणि आता मासा काचेला नाक लावेल तेव्हाच दिसतो. तुम्ही अर्धं पाणी काढलं, ताजं भरलं. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. मग वैतागून सगळी टाकी रिकामी केली, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा चोळला. आठवड्याभरात पाणी आधीपेक्षा जास्त हिरवं झालं.

आधी खात्री करून घ्या. काचेच्या पेल्यात टाकीतलं पाणी घेऊन तो पांढऱ्या कागदासमोर धरा. पाणी दुधट दिसलं तर ते जिवाणूंमुळे. नव्या टाकीत असं होतं आणि आपोआप निवळतं. फिक्या चहासारखं दिसलं तर टाकीतल्या लाकडाचा रंग उतरला आहे. हिरवं दिसलं तर आजचं बोलणं तुमच्यासाठी. काचेवर, दगडावर चिकटतं ते शेवाळ वेगळं, ते घासून निघतं. हे मात्र पाण्यात सुटं तरंगणारं, एकेका पेशीचं शेवाळ आहे. पेशी केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी, कधी त्याहून बारीक. स्पंजमधून ती सहज पार होते, म्हणून फिल्टर चोवीस तास चालू असूनही पाणी हिरवं ते हिरवंच.

आता हिशेब पाहा. उजेड आणि खत मिळालं की या पेशी दिवसाभरात दुप्पट होऊ शकतात. तुम्ही अर्धं पाणी बदललंत म्हणजे अर्ध्या पेशी गेल्या. उरलेल्या एकदा दुप्पट झाल्या की तुम्ही होतात तिथेच. शिवाय नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून नायट्रेट आलं तर ते त्यांना ताजं खत. आणि स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा अमोनिया हेच जिवाणू पचवत असतात. ते गेले की अमोनिया साचतो, आणि शेवाळाला तो फार मानवतो. म्हणून ध्यानात ठेवा, नुसतं पाणी बदलून हिरवं पाणी जात नाही. त्याचा उजेड तोडावा लागतो.

ही गोष्ट लोकांच्या लक्षात कशी आली, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

लंडन शहर, 1849 सालचा मे महिना. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ तिथे औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेत, अपॉथेकरीज हॉलमध्ये, काम करत होते. त्यांनी एक मोठं काचपात्र घेतलं, सुमारे 12 गॅलनचं. म्हणजे साधारण 55 लिटरचं. आपली दोन फुटी टाकी काठोकाठ भरली तर जवळपास एवढंच पाणी मावतं, म्हणून हा आकडा मला फार जवळचा वाटतो. वॉरिंग्टनांनी पात्र निम्मं भरलं, झऱ्याच्या पाण्याने. तळाला वाळू आणि चिखल, त्यावर दगड, असे रचलेले की माशांना खाली शिरता यावं. चिखलात व्हॅलिसनेरियाचं एक रोप खोचलं. आपल्या दुकानांतही मिळतं ते, लांब फितींसारख्या पानांचं. दोन लहान गोल्डफिश सोडले. आणि पात्राच्या तोंडावर तांब्याच्या तारेचं कडं करून पातळ मलमल ताणून बसवली. का, तर लंडनच्या हवेत तेव्हा कोळशाची काजळी इतकी, की उघडं पाणी काळवंडलं असतं.

त्यांना पाहायचं होतं एवढंच, की पाणी न बदलता मासे जगतात का. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो देतात. दोघांचा मेळ एका काचपात्रात बसतो का? सुरुवातीला छान बसला. मग व्हॅलिसनेरियाची जुनी पानं सडायला लागली. पाणी गढूळ झालं. पृष्ठभागावर आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. मासे धोक्यात आले.

आपण असतो तर पात्र मोरीत ओतून मोकळे झालो असतो. वॉरिंग्टन थांबले. तळ्यात पानं सडतातच की, मग तळं का नासत नाही, तिथे ही सडकी पानं कोण निस्तरतं, याचा त्यांनी विचार केला. आणि तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून पात्रात सोडल्या. गोगलगाईंनी सडकी पानं खाल्ली, हिरवा थर खाल्ला, पाणी पुन्हा नितळ झालं. त्यांनी अंडी घातली, ती माशांना खायला झाली. काही टाकायचं नाही, बाहेरून फार काही आणायचं नाही. मार्च 1850 मध्ये वॉरिंग्टनांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. ही सोसायटी 1841 साली ज्यांनी उभी केली त्यांच्यातही ते होतेच.

इथे एक खूणगाठ बांधून ठेवा. गोगलगाईंनी खाल्लं ते काचेवरचं, चिकटलेलं. पाण्यात तरंगणारी पेशी गोगलगाईच्या तोंडी लागत नाही. म्हणून हिरव्या पाण्यावर उपाय म्हणून कुणी गोगलगाय किंवा सकर, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, दिला तर घेऊ नका. सकरबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बोटाएवढा आणलेला हा मासा फुटापेक्षा मोठा होतो, टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदीत, तलावात सोडून देतात, आणि तिथे तो आपल्या देशी माशांचं अन्न आणि जागा बळकावतो. घरातला कुठलाही मासा नदीत सोडू नका.

तर वॉरिंग्टनांचं पात्र यशस्वी झालं, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या आल्या. हौशी माणसांनी त्या ठेवल्या कुठे? खिडकीत. चारही बाजूंना काच, चारही बाजूंनी उजेड. आणि पाणी हिरवं! तळ्याला उजेड वरून मिळतो, बाजूने नाही, हे ज्यांच्या ध्यानात आलं त्यांतले एक वेल्समधले एडवर्ड एडवर्ड्स. त्यांनी टाकीची मागची बाजू तिरकी, अपारदर्शक केली, म्हणजे उजेड फक्त वरून यावा. आणि त्या तिरक्या भिंतीमागे पाण्याचा एक अंधारा कप्पा ठेवला. पुढचं पाणी उजेडात, मागचं पाणी अंधारात, आणि दोन्ही एकमेकांत मिसळणारं. एवढ्याने पाण्याचा नितळपणा टिकू लागला.

ही युक्ती मोठी केली विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी. लॉइडांचं लंडनमध्ये टाक्या, समुद्राचं पाणी आणि जिवंत प्राणी विकणारं दुकान होतं. पुढे त्यांनी हॅम्बुर्गचं मत्स्यालय उभारलं, ते 1864 साली उघडलं. मग 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं, म्हणजे तिथल्या काचेच्या भव्य प्रदर्शन-इमारतीतलं. तिथे लोकांना दिसणाऱ्या टाक्यांत होतं त्याच्या कितीतरी पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात होतं, आणि वाफेवरचे पंप ते रात्रंदिवस वर-खाली फिरवत. पाणी बदलायचं नाही, फिरवायचं, आणि त्यातलं बरंचसं अंधारात ठेवायचं. दीडशे वर्षांपूर्वी, वीज नाही, रसायन नाही, अतिनील दिवा नाही, आणि पाणी नितळ. मला हे जितक्या वेळा आठवतं तितक्या वेळा त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

आपल्या घरी जमिनीखाली हौद नसतो. म्हणून आपण टाकीलाच चार दिवस अंधारात ठेवायचं.

कृती अशी. पहिल्या दिवशी 40 टक्के पाणी बदला. दोन फुटी टाकीत खडी वगळून 45 लिटर पाणी धरलं तर 18 लिटर, म्हणजे एक मोठी बादली. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून त्यात एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड, सोडून ठेवा, किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन काढणारं औषध बाटलीवरच्या मापाने घाला. मेलेला मासा, सडकी पानं, उरलेलं खाणं काढा. टाकीचा दिवा बंद. मग चारही बाजू आणि वरचं झाकण काळ्या प्लास्टिकने किंवा काळ्या जाड कागदाने झाका. गोधडी नको, उन्हाळ्यात तिच्या उबेने पाणी तापतं. वर मागच्या कोपऱ्यात हवेसाठी फट ठेवा आणि तिच्यावर कागदाची पन्हाळीसारखी घडी आडवी लावा, म्हणजे हवा येईल, उजेड येणार नाही.

झाकण नीट बसलं का, हे असं पाहा. रात्री खोलीत काळोख करा आणि टाकीचा दिवा मिनिटभर लावा. जिथून उजेड बाहेर डोकावतो तिथूनच उद्या दिवसाचा उजेड आत जाणार आहे. तिथे चिकटपट्टी लावा. बहुतेकांचा उपाय फसतो तो इथेच, या फटींमुळे.

चार दिवस एअर पंप अखंड चालू. हे दोनदा सांगते, एअर पंप अखंड चालू. अंधारात शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट घेतं, आणि मरताना कुजूनही प्राणवायू खातं. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर तेच कारण. लोडशेडिंग असेल तर बॅटरीवरचा पंप हाताशी ठेवा. चार दिवस खाणं नाही. मोठे, निरोगी मासे एवढे दिवस आरामात काढतात. आठवड्याच्या पिल्लांना मात्र हे जमणार नाही, त्यांना आधी वेगळ्या भांड्यात काढा. आणि मध्येच उघडून पाहू नका.

पाचव्या दिवशी उघडा आणि लगेच अर्धं पाणी बदला. हे पाणी बदलणं टाळाल तर मेलेल्या पेशी कुजून पुन्हा अमोनिया होईल आणि पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा तिथेच. काढलेल्या पाण्यातच, त्याच बादलीत, फिल्टरचा स्पंज दाबून धुवा. नळाखाली नाही. ते पाणी कुंड्यांना घाला, झाडांना उत्तम.

पाणी तरीही धूसर असेल तर उशीत भरतात तो सिंथेटिक कापूस फिल्टरमध्ये घाला आणि रोज बदला. तुरटी घालू नका. पिण्याच्या पाण्यात आपण फिरवतो म्हणून ती माशांनाही चालेल असं वाटतं, पण तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं, आणि कोकणासारख्या मृदू पाण्यात त्यातलं अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. तांब्याचं शेवाळनाशक तर नकोच, त्याने झिंगे आणि गोगलगाई मरतात.

पैसे खर्चायचे असतील तर अतिनील दिव्याचा बंदिस्त फिल्टर घ्या. 50 ते 100 लिटरला 5 ते 9 वॅट पुरे. त्यातून पाणी हळू जायला हवं. वेगाने गेलं तर पेशी मरत नाहीत, आणि दिवा बिनकामाचा म्हणून लोक तो काढून ठेवतात. आठवड्याभरात पाणी निवळतं. जळता दिवा उघड्या डोळ्यांनी पाहू नका, आणि साधारण वर्षाने तो बदला, कारण दिसायला पेटता असला तरी त्याचा जोर कमी झालेला असतो.

आता पुन्हा हिरवं होऊ नये म्हणून. टाकीचा दिवा दिवसाला सहा तास, टायमर लावून. पाहुणे आले म्हणून रात्री बारापर्यंत नाही. बऱ्याच घरांत टाकी ईशान्येला ठेवतात, आणि तिथल्या खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन तासन्तास टाकीवर येतं. श्रद्धेने ठेवलेली टाकी हलवायची नसेल तर मागच्या आणि खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. एडवर्ड्स यांनी केलं ते हेच. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. नातवंडांना मासे भरवायला आवडतं, त्यांना सकाळी चिमूटभर वेगळं काढून द्या आणि डबा वर ठेवा. आणि मनीप्लँटची एक फांदी घ्या, मुळं पाण्यात, पानं बाहेर, पाण्यावर. तिची मुळं नायट्रेट ओढून घेतात. मुळं वीतभर वाढली की गोल्डफिश ती कुरतडतात, तेव्हा फांदी छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात बसवून काठाला अडकवा.