जीवाश्मांचा पावसाळा

गोव्यात मिरग लागला की चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते, कपाटाची दारं फुगतात, हे आपण दरवर्षी बघतो. पण दगडालाही पाऊस बाधतो, ते या मॅडमना विचारा. एका कॉलेजातला जीवाश्मांचा संग्रह त्या सांभाळतात.

कच्छचे अमोनाइट, म्हणजे गोल वळणाच्या शंखाचे नामशेष झालेले समुद्री प्राणी, आहेत, तामिळनाडूतल्या अरियलूरचे शिंपले आहेत. आपल्याकडचा खडक फारच जुना हो, अनमोड घाटातला नाईस नावाचा पट्टेदार खडक तर ३०० कोटी वर्षांच्याही पलीकडचा, तेव्हा शिंपले-हाडंवाले प्राणीच नव्हते. म्हणून इथल्या पोरांना अमोनाइट हातात घेऊन बघायचा तर हाच ड्रॉवर.

ड्रॉवर उघडला की मॅडम आधी वास घेतात. गंधकासारखा आला की समजायचं, पायराइट सडायला लागलंय. काही जीवाश्मांत हे लोखंड-गंधकाचं चमकदार खनिज असतं, आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ते भराभर बिघडतं, पिवळट-पांढरी भुकटी सुटते, सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं, ते जीवाश्म फोडतं आणि खालचं कागदी लेबलही करपवतं. कोट्यवधी वर्षं टिकलेली वस्तू थोड्या पावसाळ्यांत पीठ होते, हे बघवत नाही. अशा नगावर पाणी अजिबात नाही, सुक्या मऊ ब्रशने भुकटी झाडायची आणि सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवायचं. शिंपल्यांचं वेगळंच, लाकडी कपाटातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची वाफ सुटते नि त्यांच्यावर पांढरे क्षार धरतात, म्हणून ते स्टीलच्या कपाटात.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो लेबलांवर. नुसतं 'कच्छ' लिहून भागत नाही, गाव कुठलं, कुठल्या थरातून निघाला, कुणी कधी गोळा केला, हे गेलं की अमोनाइट शोभेचा दगड उरतो, अभ्यासाला काही कामाचा नाही. नंबर दगडावरच टाकतात, आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर, त्यावर बारीक निबने शाईचा नंबर, वर परत एक थर. उद्या काढायचा झाला तर अ‍ॅसिटोनने निघतो, दगडाला काही होत नाही. जुनं लेबल मात्र कधीच फेकत नाहीत, त्यावरचं नाव चुकीचं असलं तरी.

तुमच्या कॉलेजात असं एखादं कपाट असेल तर पाऊस लागायच्या आधी ते उघडायला लावा, आणि आधी लेबलांचे फोटो काढा.