अर्ध्यावर थांबलेला पीळ

[दृश्य: चतुर्थीची रात्र, घरातली आरती. घुमट या मातीच्या वाद्याच्या चामड्यावर उजवा हात, मागच्या लहान तोंडावर डावा तळवा.]

आरतीची लय चढली की घुमटावरची बोटं नीट दिसतच नाहीत. अशा प्रत्येक थापेआधी मज्जातंतूंची टोकं हाताच्या स्नायूंवर पुटिका, म्हणजे रसायन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, रिकाम्या करत असतात. पुटिका जेमतेम ४५ नॅनोमीटरची. आत ॲसिटिलकोलिन या स्नायूला संदेश देणाऱ्या रसायनाचे पाच ते दहा हजार रेणू. टोकाशी कॅल्शियम शिरलं की ती एका मिलिसेकंदाच्या आत उघडते. पुटिका उघडणाऱ्या प्रथिनांची जुळणी तेव्हा सुरू केली तर एवढ्या वेळात होणारच नाही. म्हणून ती आधीच जुळवून अर्ध्यावर अडवलेली असते.

[दृश्य: रेखाचित्र. पुटिका आणि पेशीपटल यांच्यामधली फट.]

जुळणारी प्रथिनं तीन. सिनॅप्टोब्रेव्हिन पुटिकेत रोवलेलं. सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५ समोर, पेशीपटलाला. पहिल्या दोघांचा एकेक पदर, स्नॅप-२५ चे दोन. चारही पदरांचा मिळून सुंभासारखा पीळ बसतो.

तो आपोआप बसत नाही. सिन्टॅक्सिन मिटलेलं असतं आणि मंक-१८ हे दुसरं प्रथिन त्याला तसंच धरून ठेवतं. त्याला उघडतं मंक-१३. सुमारे २० नॅनोमीटर लांबीचं हे प्रथिन एका टोकाने पेशीपटल धरतं, दुसऱ्याने पुटिका. याचे दोन्ही मुख्य प्रकार काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूपेशी पाहिल्या, तर जोडण्या ठाकठीक, पुटिका भरलेल्या, पण सुटत एकही नाही. पुटिका भरलेली असणं आणि तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पीळ पटलापासून लांबच्या टोकाला सुरू होतो, पटलाकडे सरकतो आणि मध्येच थांबतो. तिथे कॉम्प्लेक्सिन आणि सिनॅप्टोटॅग्मिन ही प्रथिनं पहाऱ्याला. सिनॅप्टोटॅग्मिनच्या एका भागात कॅल्शियम बसण्याच्या तीन जागा, दुसऱ्यात दोन. एरवी पेशीत कॅल्शियमचं प्रमाण ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास. कॅल्शियम आत सोडणारी वाहिनी उघडली की तिच्या तोंडाशी ते शेकडो पटींनी वाढतं. जागा भरतात, सिनॅप्टोटॅग्मिन पटलात रुततं, उरलेला पीळ बसतो आणि दोन पटलं एक होतात.

नंतर हा घट्ट पीळ उलगडायचा कोणी? एनएसएफ नावाचं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून पदर सुटे करतं, पुढच्या फेरीसाठी.

[दृश्य: जेटी. दुरुस्तीला काढलेला ट्रॉलर, पायाशी खिळे पडलेल्या फळ्या.]

धनुर्वाताचा दोष लोक गंजाला देतात. खरा दोषी मातीतला जंतू, खोल जखमेत वाढणारा. त्याचं विष मज्जातंतूतून मागे सरकत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींत शिरून सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं. आवर सुटतो, दातखीळ बसते. बॉट्युलिनम या दुसऱ्या जंतूच्या विषाचा बी प्रकार याच प्रथिनाचा अगदी हाच बंध कापतो, पण थेट स्नायूपाशी. तिथे हात लुळा पडतो. सुरी तीच, जागा वेगळी. विष एकदा पेशीत शिरलं की प्रतिविष त्याला गाठू शकत नाही. इंजेक्शनला उशीर नको म्हणतात तो याचसाठी.

पूर्ण बसलेला पीळ मात्र दोघांनाही कापता येत नाही. त्यांना सुटे पदर लागतात, आणि एनएसएफ दर थापेनंतर तेच करत असतं.