आधी नाव, मग दिवा

(दृश्य : माजी सैनिकांच्या मानसोपचाराचा वॉर्ड, रात्र. मंद उजेड. राउंडवर निघालेली परिचारिका.)

रात्रीचे अडीच वाजलेत. खाटेवरचा माणूस झोपेत हातपाय झाडतोय. दात आवळलेले, बनियन घामानं चिंब. अशा वेळी खांद्याला हलवून उठवावं, असं कुणालाही वाटेल. सिस्टर हात लावत नाहीत. त्या खाटेच्या पायाशी, त्याचा हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभ्या राहतात आणि नेहमीच्या आवाजात त्याचं नाव घेतात. थांबतात, पुन्हा घेतात. "मी रात्रपाळीची सिस्टर. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात." तो डोळे उघडतो, दाराकडे बघतो. मग त्या विचारतात, "दिवा लावू?" तो हो म्हणाला की मगच दिवा लागतो.

यामागे साधं कारण आहे. स्वप्नात हा माजी सैनिक अजून युद्धाच्या आघाडीवरच असतो. तिथं अंगाला अचानक हात लागला, तर तो शत्रूचाच वाटणार. पुरती जाग यायच्या आत त्याची मूठ उठते. मार सिस्टरला लागतो, पण त्याची सल त्याला आयुष्यभर पुरते. ज्यानं बायकोला झोपेत असं मारलंय, तो पुढं वेगळ्या खोलीत झोपायला लागतो आणि कारण कुणाला सांगत नाही.

करुणा म्हटलं की आपल्याला गोड बोलणं आठवतं. या वॉर्डात करुणा म्हणजे नेमकेपणा. कुठं उभं राहायचं, काय आधी सांगायचं, कधी गप्प बसायचं, हे शिकावं लागतं.

(दृश्य : दिवसाचा वॉर्ड. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेला माणूस.)

हा माणूस कायम असाच बसतो. स्टीलचा ट्रे खाली पडला की दचकून उभा राहतो. गर्दीत शिरत नाही. युद्धाच्या आघातानं होणाऱ्या या आजाराच्या भाषेत ही अतिसावधता. पण याच सावधपणानं त्याला एकेकाळी जिवंत ठेवलं होतं, हे समजणारी परिचारिका त्याला "इथं कसली भीती?" असं विचारत नाही. ती त्याची खाट दार दिसेल अशी लावून देते. आगीच्या भोंग्याची चाचणी असेल, तर वेळ आधीच सांगून ठेवते. बी.पी. घेताना म्हणते, "आता दंडाला पट्टा बांधते, थोडा आवळेल." काही जण हाक मारली तरी वळून बघत नाहीत. तो हट्टीपणा असेलच असं नाही. स्फोटांनी आणि गोळीबारानं कान अधू होतात, मेंदूलाही इजा होते. हे ओळखायला रोज जवळ असणारं माणूस लागतं.

(दृश्य : पहिल्या महायुद्धातली जुनी छायाचित्रं.)

हा त्रास नवा नाही. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात त्याचं 'शेल शॉक' (तोफगोळ्यांचा धक्का) हे नाव छापलं. पण नाव मिळालं म्हणून दया मिळाली नाही. पलायन, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या ज्या सैनिकांना त्या युद्धात गोळ्या घालण्यात आल्या, त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं. त्यांतले काही याच आजारानं खचलेले होते, असं आज मानलं जातं. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. त्यासाठी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना आवाज उठवावा लागला होता.

याच इतिहासात एक परिचारिका आहे. हिल्डगार्ड पेप्लो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या नर्सिंग सेवेत त्या इंग्लंडमध्ये होत्या आणि मन विस्कटलेले सैनिक त्यांनी जवळून पाहिले. १९५२ मध्ये त्यांनी ठामपणे मांडलं की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा गाभा आहे. तोवर मनोरुग्णांच्या वॉर्डात परिचारिकेचं काम बहुतांशी राखण करण्याचं मानलं जाई. मला पेप्लो फार मोठ्या वाटतात, कारण शेजारी बसून ऐकण्याला त्यांनी कामाचा दर्जा दिला.

(दृश्य : दोन खुर्च्या, थोड्या तिरप्या ठेवलेल्या.)

आणि ऐकणं हीच इथली सगळ्यात अवघड गोष्ट. कारण प्रत्येकाच्या मनात भीतीच असते असं नाही. काहींच्या मनात अपराधीपणा असतो. आपण जे केलं, जे करू दिलं, ज्याला वाचवू शकलो नाही, त्याचा. या जखमेला आज 'नैतिक इजा' म्हणतात; हा शब्द जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञांनी रूढ केला. असा माणूस कधीतरी म्हणतो, "सिस्टर, मी काय केलंय ते कळलं, तर तुम्ही माझं तोंड बघणार नाही." तोंडावर लगेच येतं, "तुमचा काय दोष, तुम्ही हुकूम पाळत होता." किंवा, "तुम्ही देशासाठी केलंत." दोन्ही वाक्यं चांगल्या मनानं येतात, आणि दोन्ही ऐकून तो पुन्हा मिटतो. त्याला सुटका नको असते, ऐकणारं कुणी हवं असतं. जाणत्या सिस्टर एवढंच म्हणतात, "मी बसलेय. जमेल तेवढं सांगा." आणि खरंच बसून राहतात, घड्याळाकडे न बघता.

काहींना आघात शत्रूकडून झालेला नसतो. आपल्याच तुकडीतल्या माणसानं केलेला लैंगिक अत्याचार स्त्रियाही सोसतात, पुरुषही. त्यांना गणवेशातलं माणूस दिसलं तरी धाप लागते. तपासणीच्या वेळी सोबत कोण हवं, दार उघडं ठेवायचं का, हे त्यांनाच विचारायचं.

औषधं आहेत, आघातावर काम करणाऱ्या मानसोपचाराच्या सिद्ध पद्धतीही आहेत. त्यांचा गुण येतो. पण जुनं उकरायला लागल्यावर सुरुवातीला त्रास वाढू शकतो, आणि नेमके तेव्हाच अनेक जण उपचार सोडतात. "असं होतं, पुढच्या सत्राला या," हे सांगणारी बहुतेक वेळा परिचारिकाच असते.

आणखी एक प्रश्न तिला विचारावाच लागतो, आडपडदा न ठेवता : "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे; संशोधनात तसं आढळलेलं नाही. उत्तर हो आलं, तर पुढचा प्रश्न : "घरात बंदूक आहे?" शस्त्र हाताळण्याचा सराव असलेल्या माणसाबाबत हा प्रश्न टाळणं धोक्याचं. ते काही काळ विश्वासातल्या माणसाकडे किंवा कुलपात ठेवायचं, हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीनं ठरवायचं. जबरदस्ती झाली की विश्वास तुटतो. मग दोघं मिळून लिहून काढतात : मन घसरायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा. तो कागद त्याच्या खिशात राहतो.

(दृश्य : ड्यूटीची अदलाबदल. दोन परिचारिका केसपेपरवर वाकलेल्या.)

हे सगळं ऐकणारीही माणूसच आहे. करुणेचा थकवा हा शब्दप्रयोग परिचारिकांबाबत १९९२ पासून वापरात आहे. रोज अशा कहाण्या ऐकून तिची झोप उडते, किंवा ती आतून कोरडी होते. तिला "स्वतःची काळजी घ्या" असं सांगून भागत नाही. अनुभवी सहकाऱ्यासोबत नियमित बोलण्याची वेळ तिच्या ड्यूटीतच धरलेली हवी, ड्यूटी संपल्यावर नव्हे. रोस्टर असं हवं की एका रुग्णाला शक्यतो तीच परिचारिका मिळेल. दर आठवड्याला नवा चेहरा आला, तर त्यानं तीच गोष्ट किती वेळा पहिल्यापासून सांगायची?