नळी ओढायची नाही, मूत्राशय वर आणायचं

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, किडनीवर व्याख्यानं पुष्कळ होतात. किडनीतून मूत्राशयात लघवी पोचवणारी वीतभराहून थोडी लांब नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, तिच्यावर कुणी बोलायला बोलावत नाही. तुम्ही बोलावलंत, मला फार बरं वाटलं.

ऑपरेशन करताना ती पटकन ओळखू येत नाही. फिकट, चपटी, शेजारच्या रक्तवाहिनीसारखीच. चिमट्याचं टोक हळूच लावलं, की गांडूळ सरकावं तशी एक लाट तिच्यातून खाली जाते. मग ओळख पटते. ती लाट दिसल्याशिवाय त्या जागी मी आजही कात्री लावत नाही.

आता १८६९ सालात चला, जर्मनीतल्या हायडेलबर्गला. मार्गारेठा क्लेब नावाच्या बाईंची अंडाशयाची गाठ काढताना मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि तेव्हापासून लघवी सतत गळत होती. गुस्टाव्ह सिमॉन या शल्यविशारदांनी गळती बंद करायचे प्रयत्न केले, यश आलं नाही. एका किडनीवर माणूस जगतो का, हेही तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. सिमॉननी आधी कुत्र्यांची एकेक किडनी काढून पाहिली. कुत्री जगली. मग २ ऑगस्टला त्यांनी या बाईंची त्या बाजूची किडनी काढली. बाई बऱ्या झाल्या. ठरवून किडनी काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. सिमॉन यांचं नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवं. पण मी ही गोष्ट विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो ती त्या किडनीसाठी. तिला काहीही झालेलं नव्हतं. खालची नळी जोडता येईना, म्हणून निरोगी किडनी गेली.

हे जुन्या काळचं झालं, असं समजू नका. पिशवी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशयाची धमनी मूत्रवाहिनीच्या वरून आडवी जाते, गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर. रक्त थांबवायला घाईनं चिमटा लावला की त्यात नळी सापडते. आणि आपल्याकडे पिशव्या किती निघतात? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या २०१९ च्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. पिशवी काढल्यावर आठव्या-दहाव्या दिवसापासून अंग ओलं राहायला लागलं. जिथं ऑपरेशन झालं तिथं सांगितलं, अशक्तपणा आहे, होईल कमी. असे पाच महिने गेले. जुन्या साडीच्या घड्या लावून त्या एसटीनं आल्या, दीड तास उभ्यानं. जागा होती, पण सीट ओली होईल म्हणून बसल्या नाहीत. मी विचारलं, "नेहमीसारखी लघवी होते का हो?" म्हणाल्या, "ती बी होते डॉक्टर, आन् हे बी गळतंय." निदान त्या वाक्यातच होतं. एका किडनीची लघवी मूत्राशयात भरतेय, दुसरीची योनिमार्गातून गळतेय. इजा चांगल्या हातूनही होते, त्याचा मला राग नाही. पाच महिन्यांत हा एक प्रश्न कुणी विचारला नाही, याचा राग आहे.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा मूळ विषय, म्हणजे इजा झालेली नळी दुरुस्त कशी करायची, तो भरभर सांगतो.

या नळीच्या अंगावरच्या पातळ आवरणातून केसाएवढ्या रक्तवाहिन्या लांबीनं धावतात. नळी सोलली, ओढली, की त्या तुटतात. मग टाके कितीही सुबक असोत, टोक काळं पडतं. तंग ब्लाउजची शिवण काखेत उसवते, तसंच हे. दोन-तीन सेंटिमीटरचीच तूट असेल तर टोकं तिरकी कापून, आत स्टेंट, म्हणजे काही दिवसांसाठी आधाराची बारीक नळी, ठेवून जोडावीत. तूट खालच्या भागात असेल तर नळी ओढायची नाही, मूत्राशय वर आणायचं: ते सैल करून कण्याशेजारच्या सोआस स्नायूला टाक्यांनी अडकवायचं आणि नळी त्यात नव्यानं रोवायची. त्या बाईंना हेच केलं, किडनी वाचली. तरी पुरलं नाही तर मूत्राशयाचीच पट्टी कापून वर वळवायची आणि तिची नळी शिवायची. इटलीच्या बोआरींनी हे १८९४ मध्ये कुत्र्यांवर करून दाखवलं.

वरच्या भागात नळी अरुंद झाली असेल तर गालाच्या आतलं अस्तर ठिगळ म्हणून लावता येतं. पण गुटख्यानं ते अस्तर ताठर झालेलं असतं, तरुण पोरांचंसुद्धा, आणि मग हा मार्ग बंद होतो. अख्खी नळी गेली तर लहान आतड्याचा तुकडा वापरतात; मात्र आतडं लघवीतलं आम्ल शोषतं, म्हणून किडनी धडधाकट हवी. आणि १९६३ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीला जेम्स हार्डींनी किडनीच उचलून खाली ओटीपोटात बसवली. नळी किडनीपर्यंत येईना, तर किडनी नळीपाशी आणली. हायडेलबर्गला जी फेकावी लागली, ती इथं जागा बदलून वाचली!

शेवटचं, आणि हे घरी सांगा. मघाशी सांगितलेला स्टेंट, ज्याला डीजे स्टेंट म्हणतात, तो आतच विसरला तर त्यावर खडे धरतात. घरात कुणाला घातला असेल तर काढायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढच्या वक्त्यांचा वेळ घेतोय. ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी मी बाहेर चहापाशी थांबतो.